'पापाची फसवणूक' की 'पापाची भुरळ'?

भाषांतरवाली: ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळासाठी एका इंग्रजी प्रवचनाचं मराठी करतेय. इब्री ३:१३ पाशी अडले. बायबलमध्ये 'पापाच्या फसवणुकीने कोणी कठीण होऊ नये' असं आहे, पण फसवणूक म्हटलं की चिट फंड आठवतो. पाप आधी हवंहवंसं वाटतं, ते यात कुठे येतं? मूळ ग्रीक 'अपाते'ला पुढे सुखाचीही छटा आली होती. 'भुरळ' चालेल?

वसईकर: 'मोह' असताना भुरळ कशाला? आम्ही लहानपणापासून प्रार्थनेत 'मोहात पडू देऊ नको' म्हणतो.

जुनाशब्द: आम्ही प्रोटेस्टंट घरात 'परीक्षेत आणू नको' म्हणत वाढलो. ग्रीक 'पैरास्मोस'चे दोन्ही अर्थ होतात. फ्रेंच कॅथलिकांनी तर २०१७ च्या नाताळाआधीच्या आगमनकाळापासून ही ओळच बदलली, देव स्वतः कुणाला मोहात ढकलतो असं वाटू नये म्हणून.

रानवाट: मोह शब्द मोहाच्या झाडावरूनच आला ना? आमच्या गडचिरोलीकडे फुलं पडायला लागली की वासानंच माणूस खेचला जातो.

जुनाशब्द: नाही हो. झाडाचा मोह 'मधूक'वरून. हा मोह 'मुह्' धातूचा; मुग्ध आणि मूढ त्याचेच भाऊ. गोडी आणि गोंधळ, दोन्ही त्यात आहेत.

कॉलेजकट्टा: युवकांसमोर वाचणार असाल तर 'टेम्प्टेशन'च ठेवा ताई. ते तेच बोलतात.

जुनाशब्द: पापांच्या कबुलीला बसलेला माणूस आपल्या भाषेतच रडतो. तिथे उसना शब्द नको.

कॉलेजकट्टा: माझी भाषा तीच आहे, सर. मी त्याच शब्दात कबुली दिलीय.

वसईकर: याकोब १:१४ बघा. 'भुलवला जातो'साठी तिथे आमिष लावण्याचं ग्रीक क्रियापद आहे. वडील खाडीवर गळाला कोळंबी अशी ओवायचे की लोखंडाचं टोक दिसायचं नाही, मिश्या तेवढ्या पाण्यात हलायच्या. माशाची भूक खरी, कोळंबीही खरी. झाकलेला फक्त गळ. मी 'मोह' मागे घेतो. 'आमिष' लिहा.

भाषांतरवाली: वाचून अंगावर काटा आला. पण वचनात पुढे 'कठीण होऊ नये' आहे, म्हणजे बधिरपणा. आईच्या ऑपरेशनला भूल दिली तेव्हा ती शेवटपर्यंत 'मी जागी आहे' म्हणत होती. मला आता 'भूल'च बरोबर वाटतेय.

वसईकर: भुलीत ओढ कुठे आहे?

रानवाट: कोळंबीला आमच्याकडे झिंगे म्हणतात. 'झिंगणे' त्यावरूनच आलं असेल का?