होबी १६ चा मास्ट उभा करताना तारा गुंततात, काय करू?

मिरामारकर
नमस्कार. पावसाळा संपला म्हणून माडाखाली झाकून ठेवलेली जुनी होबी १६ (दोन हलांची, म्हणजे दोन तरंगत्या अंगांची, शिडाची होडी) बाहेर काढली. मी आणि मेहुणा, दोघंच. मास्ट, म्हणजे शिडाची काठी, उचलायला ताकद पुरते, पण वर गेला की काहीतरी अडकलेलं असतंच. कधी ट्रॅपीझची तार श्राउडभोवती फिरलेली, कधी फोरस्टे मास्टच्या मागून आलेला. मग परत खाली. बाजूंनी धरणारे दोन श्राउड, पुढून धरणारा एक फोरस्टे, खलाशाने बाहेर लटकायच्या चार ट्रॅपीझ, अशा सात तारा मास्टवरच्या एकाच शॅकलवर (कडीवर) लटकतात. मेहुणा आता रविवारी फोन उचलत नाही. काही युक्ती आहे का?

देवगडची_पोर
रंगीत टेप लावा. डाव्या बाजूच्या तारांच्या टोकांना लाल, उजवीकडच्यांना हिरवी. होड्यांच्या दिव्यांचे रंग तेच, त्यामुळे वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही.

खलाशीकाका
टेप लावाच. पण गुंता वर जाताना होत नाही हो, तो मागच्या वेळी काठी उतरवलीत तेव्हाच झालाय. लोक पिना काढतात, काठी आडवी करतात आणि मग वाळूत लोळणाऱ्या तारा जमेल तशा गुंडाळतात. असं करू नका. काठी उभी आहे, प्रत्येक तार आपल्या जागी आहे, तेव्हाच ट्रॅपीझच्या तारा आणि हॅलयार्ड (शीड चढवायची दोरी) काठीला बांधून टाका. जुन्या सायकलट्यूबच्या पट्ट्या उत्तम, वेल्क्रो खाऱ्या हवेत लवकर कामातून जातं. पट्टी मात्र ट्रॅम्पोलिनवर (दोन हलांमध्ये ताणलेल्या कापडावर) उभं राहून हात पोचेल तिथेच. वर बांधलीत तर सोडवायला नारळ काढणारा पाडेली बोलवावा लागेल.

आता झालेला गुंता. काठी मागे आडवी ठेवा, बूड पुढच्या आडव्या बीमवर, आणि शिडाची खाच खाली, ट्रॅम्पोलिनकडे. इथेच निम्मे लोक फसतात. खाच वर राहिली की डाव्या तारा उजवीकडे जातात, मग उचलताना काठी फिरवली की वेणी पडलीच. शॅकलपासून सुरुवात करा. एक तार चिमटीत धरायची आणि हात न सोडता टोकापर्यंत चालत जायचं. आधी फोरस्टे, तो काठीच्या वरच्या अंगाला. मग दोन्ही श्राउड, आपापल्या हलला पिन घालून, रिंग लावून. ट्रॅपीझ शेवटी. हातात फडकं असू द्या, तारेचा एखादा पदर तुटला असेल तर तो फडक्याला अडकतो आणि आपली बोटं वाचतात. तसा पदर सापडला तर ती तार बदला, टेप गुंडाळून चालवू नका.

रडर (सुकाणू) आधी लावू नका. उचलताना श्राउड ढिले असतात आणि नेमके रडरच्या आडव्या दांडीत किंवा ट्रेलरच्या रोलरखाली जाऊन बसतात. काठी अर्धी वर आली की एकाने दोन्ही बाजू बघायच्या, श्राउडचं खालचं टोक हलवरच्या धातूच्या पट्टीत आडवं अडकलेलं नाही ना. तसंच ओढलंत तर तार मोडते.

मिरामारकर
काका, खाच वरच असते आमची! ट्रेलरवर तशीच ठेवतो. पण फोरस्टे पुढून धरायचा कसा? काठी आडवी असताना तो नाळेपर्यंत, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापर्यंत, पोचत नाही.

खलाशीकाका
पोचणार नाहीच. त्याच्या टोकाला लांब दोरी बांधा आणि मेहुण्याला पुढे उभं करा. तुम्ही ट्रॅम्पोलिनवरून खांद्यावर घेऊन ढकला, तो दोरी ओढेल. बुडाच्या बिजागरीची पिन घातल्याशिवाय उचलायचं नाही, नाहीतर बूड निसटतं. श्राउड काठीच्या मागे असल्यामुळे ती पुढे पडू देत नाहीत, पण फोरस्टे पिनला लागेपर्यंत मागे पडण्यापासून वाचवणारा फक्त मेहुणा. त्याला चहा पाजा.

आणि सकाळी करा. आपल्याकडे दुपारी समुद्रावरून वारा धरतो, आडव्या वाऱ्यात ही आठ मीटरची काठी कुठेही झुकते.

वास्कोवाला
मी एकटाच उभा करतो. ट्रेलरच्या विंचने (दोर गुंडाळून ओढायच्या चाकाने), मध्ये एक खांब उभा करून. दोघांची गरज नाही.

खलाशीकाका
होतं, पण काठी वर येताना बाजूला झुकू नये म्हणून दोन्हीकडे ताण लागतो, आणि तो ताण कुठे बांधायचा हे ज्याला माहीत आहे त्यानेच करावं. शिकताना दोघंच बरे.

एक राहिलं. डोक्यावर विजेच्या तारा आहेत का ते बघून मगच जागा निवडा. काही होबींना वर फायबरग्लासचं टोक असतं, वीज वाहू नये म्हणून. पण खालचं अ‍ॅल्युमिनियम आणि स्टीलच्या तारा वीज नेतातच. ट्रेलर ओढताना मास्ट नेहमी आडवा. पन्नास पावलंसुद्धा उभा नेऊ नका.

मिरामारकर
आमच्या रॅम्पजवळ खांब आहे खरा. पलीकडच्या मोकळ्या वाळूत नेतो. हॅलयार्डची दोन्ही टोकं खालीच बांधायची ना?

देवगडची_पोर
दोन्ही. एक सुटलं तर वजनाने वर जातं आणि मास्ट पुन्हा आडवा करावा लागतो.