एकाच पीसीवर विंडोज 11, विंडोज 10 आणि लिनक्स मिंट: डिस्कची वाटणी कशी करावी?

अंबड_जॉबवर्क

नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीतल्या वर्कशॉपचा डेस्कटॉप आहे. दहाव्या पिढीचा आय5, 16 जीबी रॅम, 512 जीबी एनव्हीएमई (मदरबोर्डवरच बसणारी एसएसडी), त्यावर विंडोज 11. टॅली, जीएसटी, ड्रॉइंग सगळं त्यावरच. जुन्या व्हीएमसीला (प्रोग्रॅमवर चालणारं मिलिंग मशिन) आरएस-232 सीरियल पोर्टवरून प्रोग्रॅम पाठवायचं डीएनसी सॉफ्टवेअर मात्र विंडोज 10 वरच चालतं. यूएसबी-सीरियल केबलला डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह येतं आणि त्या सॉफ्टवेअरच्या डोंगलचा (लायसन्सची यूएसबी किल्ली) ड्रायव्हर चढत नाही. शिवाय पोराला कॉलेजसाठी लिनक्स हवंय.

एनव्हीएमईचेच तीन भाग करू की 480 जीबीची वेगळी साटा (केबलने जोडायची) एसएसडी घेऊ? काहीही झालं तरी टॅलीचा डेटा हलता कामा नये.

सातपूर_सिस्टिम

दुसरी एसएसडी घ्या, एनव्हीएमईला हातच लावू नका. पण त्याआधी विंडोज 10 खरंच लागतं का, ते बघा.

केबलमध्ये प्रोलिफिकची पीएल2303 चिप असेल तर तिच्या जुन्या आवृत्त्यांना विंडोज 11 चा ड्रायव्हर नाही. एफटीडीआय चिपची केबल घेतली की तो प्रश्न मिटतो. डोंगलसाठी विंडोज सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस सिक्युरिटी, त्यात कोअर आयसोलेशन उघडा. तिथलं मेमरी इंटिग्रिटी चालू असेल तर जुने ड्रायव्हर अडवले जातात. ते तात्पुरतं बंद करून, रीस्टार्ट करून ड्रायव्हर पुन्हा टाकून बघा. चालला तर निम्मं काम वाचलं. पण बिलांच्या मशिनवर ते कायम बंद ठेवणं मला पटत नाही.

अंबड_जॉबवर्क

मेमरी इंटिग्रिटी बंद करून पाहिलं, डोंगल नाहीच. एसएसडी घेतो. पायऱ्या सांगा.

सातपूर_सिस्टिम

आधी टॅलीचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग विंडोज 11 वर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का ते तपासा. चालू असेल तर 48 आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा. बायोसमध्ये (बोर्डच्या सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट बदललं की विंडोज हीच की मागतं, आणि नेमकी तेव्हा ती सापडत नाही.

आता मुख्य गोष्ट. इन्स्टॉल करताना एनव्हीएमईचा स्क्रू काढून ती बाहेर ठेवा. दोन्ही इन्स्टॉलरना एकच खोड आहे. विंडोजचा सेटअप दुसऱ्या डिस्कवर आधीचं ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाइलींचा छोटा भाग) दिसलं की बूटच्या फाइली तिथेच टाकतो. मिंटचा इन्स्टॉलर तर खाली बूटलोडरसाठी दुसरी डिस्क निवडली तरी पुष्कळदा पहिल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्येच लिहितो. मग उद्या एक डिस्क काढली की दुसरी बूट होत नाही. एनव्हीएमई बाहेर काढून ठेवली की चुकायला जागाच उरत नाही.

बायोसमध्ये सीएसएम, म्हणजे जुन्या (लेगसी) पद्धतीने बूट करायची सोय, बंद करा. बूट मेनूत पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर ज्याच्यापुढे यूईएफआय लिहिलंय तोच निवडा. लेगसीतून सुरू केलं तर सेटअप जीपीटी (नव्या पद्धतीने वाटणी केलेल्या) डिस्कवर विंडोज टाकायला नकार देतो.

आधी विंडोज 10. सेटअपच्या पहिल्या स्क्रीनवर शिफ्ट आणि एफ10 दाबून डिस्कपार्ट उघडा. डिस्क एकच दिसते आहे ना, ते बघून ती क्लीन करा, जीपीटी करा आणि 512 एमबीचं ईएफआय पार्टिशन करून फॅट32 मध्ये फॉरमॅट करा. सेटअपवर सोडलं तर तो साधारण 100 एमबीचं करतो. चालतं, पण पुढे आणखी काही टाकायचं झालं तर अडचण होते. मग सेटअपमध्ये विंडोजसाठी 120 जीबी, बाकी रिकामं सोडा.

त्यानंतर मिंट. इन्स्टॉलरमध्ये "समथिंग एल्स" निवडून रिकाम्या जागेत 80 जीबीचं ईएक्सटी4 (लिनक्सची फाइल सिस्टिम), माउंट पॉइंट म्हणून नुसता स्लॅश. स्वॅपचं (रॅम भरली की वापरायच्या जागेचं) वेगळं पार्टिशन नको, तो स्वॅपफाइल स्वतः करतो. उरलेली जागा एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम) ठेवा, प्रोग्रॅम फाइली तिथे.

मग एनव्हीएमई परत बसवा, बायोसमध्ये तिचंच विंडोज पहिल्या क्रमांकावर ठेवा. दुकानातल्या माणसाने बटण दाबलं की नेहमीचं विंडोज 11 यावं. बाकी दोन्हींसाठी सुरू होताना गिगाबाइट बोर्डवर एफ12, असूसवर एफ8, एमएसआय आणि एएसरॉकवर एफ11.

नवी एसएसडी बायोसमध्येच दिसली नाही तर घाबरू नका. काही बोर्डांवर एम.2 वापरात असताना एखादा साटा पोर्ट बंद राहतो. केबल दुसऱ्या पोर्टला लावा.

पंचवटी_लिनक्स

एवढ्या खटाटोपापेक्षा व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे विंडोज 11 च्या आतच चालणाऱ्या आभासी पीसीत, विंडोज 10 टाका की. केबल आणि डोंगल दोन्ही यूएसबी पासथ्रूने देता येतात.

सातपूर_सिस्टिम

एक फाइल पाठवून व्हीएमसीच्या कंट्रोलरच्या मेमरीत ठेवायची असेल तर चालेल. ड्रिप फीड असेल, म्हणजे कंट्रोलरला मेमरी कमी आणि कटिंग चालू असताना प्रोग्रॅम सरकत जातो, तिथे नको. मधे व्हर्च्युअल मशिनने यूएसबी सोडलं तर टूल जॉबवरच थांबतं. थेट बूट केलेलं विंडोज बरं.

गंगापूर_रोड_टेक

वरचं सगळं बरोबर, पण फास्ट स्टार्टअपचं कुणी सांगितलं नाही, आणि जास्त नुकसान त्यानेच होतं. विंडोज "शटडाउन" केलं तरी पूर्ण बंद होत नाही, कर्नेलची (विंडोजच्या गाभ्याची) स्थिती डिस्कवर झोपवून ठेवतं. त्या अवस्थेत सामायिक एनटीएफएस पार्टिशनवर दुसऱ्या विंडोजने काही लिहिलं तर पहिलं उठल्यावर जुन्या समजुतीवर लिहायला लागतं आणि फाइली गायब. लिनक्स निदान ते पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं माउंट करून सावध करतं. दोन्ही विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश एच, स्पेस, ऑफ अशी कमांड द्या. हायबरनेशन आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही बंद होतात.

सामायिक भाग एक्सफॅट करू नका. त्याला जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, नसतं. मधेच लाइट गेली आणि यूपीएस दमलेला असला की त्यातल्या फाइली बिघडायची शक्यता एनटीएफएसपेक्षा जास्त.

विंडोज 10 मध्ये डिस्क मॅनेजमेंटमधून विंडोज 11 च्या पार्टिशनचं ड्राइव्ह लेटर काढून टाका, म्हणजे कुणी चुकून टॅलीच्या फोल्डरमध्ये शिरणार नाही. आणि विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, तेव्हा त्यात नेटवर्क ॲडॅप्टर डिसेबलच ठेवा. लायसन्सही वेगळं लागेल.

अंबड_जॉबवर्क

विंडोज 10 आणि मिंट दोन्ही झालं, तिन्ही सुरू होतात. पण मिंट वापरून विंडोजमध्ये आलं की घड्याळ चुकतं. सकाळी 10 ला पहाटेचे 4:30. बॅटरी गेली का?

पंचवटी_लिनक्स

बॅटरी नाही. साडेपाच तासांचा फरक म्हणजे मिंट बोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहितो आणि विंडोज त्याला स्थानिक वेळ समजतं. तुमच्याकडे विंडोज दोन आणि लिनक्स एक, तर लिनक्सलाच समजवा. टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल ही कमांड, पुढे सेट-लोकल-आरटीसी आणि 1. अर्थात इंग्रजी अक्षरांत. या सेटिंगला परदेशात नावं ठेवतात ती उन्हाळी वेळेच्या बदलामुळे. आपल्याकडे घड्याळ पुढेमागे होतच नाही.

टॅलीत व्हाउचर टाकण्याआधी विंडोजची तारीख-वेळ एकदा सिंक करा.

मिंटचा कर्नेल अपडेट झाला की ग्रब मेनूत (मिंटच्या बूट मेनूत) "विंडोज बूट मॅनेजर" नावाच्या दोन नोंदी दिसू शकतात. कंसात एसडीए असेल ते विंडोज 10, एनव्हीएमई असेल ते 11. पोराला मशिनवर सीरियल केबल वापरायची असेल तर त्याचं युजर डायलआउट ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत या. नाहीतर पोर्ट दिसतो पण परवानगी नाही म्हणतो. तुमची ती जुनी पीएल2303 केबल टाकू नका, लिनक्समध्ये तिचा ड्रायव्हर कर्नेलमध्येच आहे.