गोष्टीसकट लक्षात राहणारे इंग्रजी शब्द सांगा ना

वाचनवेडी: मला इंग्रजी शब्दांची फार आवड आहे, अ‍ॅपवर रोज नवे पाठ करते पण थोड्या दिवसांत सगळं सपाट, ज्यांची गोष्ट माहितीये तेवढेच टिकतात. आता सेरेंडिपिटी, म्हणजे भलतंच शोधताना अवचित काही छान हाती लागणं. होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने १७५४ साली एका पत्रात हा शब्द घडवला, सेरेंडिप म्हणजे श्रीलंका, तिथल्या तीन राजपुत्रांच्या कथेवरून. हा काही विसरत नाही. असे अजून कुठले?

नाशिककर: आमच्या देवळालीचा घ्या, डूलाली! ब्रिटनमध्ये डोकं फिरलेल्याला अजूनही म्हणतात. देवळालीला गोऱ्या सैनिकांचा कॅम्प होता, मुदत संपलेले शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथे महिनोन्‌महिने पडून असायचे, हाताला काम नाही, वर उकाडा, मग डोकं सटकणारच की. आधी डूलाली टॅप म्हणायचे, टॅप म्हणजे ताप. आणि माँगूज तर आपलं मुंगूसच आहे, मराठीतून गेलेलं.

खिडकीतून: मूळ धरलं की अख्खं खानदान हाती लागतं. लॅटिनमध्ये फेनेस्त्रा म्हणजे खिडकी, त्यावरून डिफेनेस्ट्रेशन, माणसाला खिडकीबाहेर फेकणं! १६१८ मध्ये प्रागच्या किल्ल्यातून दोन शाही अधिकारी आणि त्यांचा सचिव असे फेकले गेले, तिघेही वाचले, पण त्यातूनच तीस वर्षांचं युद्ध पेटलं. जर्मन फेन्स्टर, फ्रेंच फनेत्र, सगळी हीच खिडकी. मसलचं तर मला सगळ्यात आवडतं, लॅटिन मुस्क्युलुस म्हणजे छोटा उंदीर, दंड फुगवला की कातडीखाली उंदीर पळतोय असं त्यांना वाटलं, आणि आपल्याला तिथे बेटकुळी दिसली, म्हणजे बेडकी!

वाचनवेडी: बेटकुळी!! आता मसल जन्मात विसरणार नाही 😄

जुनापुराणा: फक्त एक सांगतो, गोष्ट जितकी गोंडस तितकी तपासून घ्या. पॉश म्हणजे ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’, म्हणजे जहाजाने भारतात येताना डावीकडची आणि परत जाताना उजवीकडची, सावलीच्या बाजूची केबिन, असं सगळीकडे फिरतं, पण असं छापलेलं एकही जुनं तिकीट सापडलेलं नाही. विसाव्या शतकाच्या आधीच्या शब्दाला असा आद्याक्षरांचा उलगडा कुणी दिला तर बहुतेकदा तो मागाहून रचलेला असतो. एटिमऑनलाईन हा शब्दांच्या उगमाचा ऑनलाईन कोश फुकट आहे, तिथे शब्द पहिल्यांदा कधी छापला गेला ते बघायचं, साल आणि गोष्ट जुळत नसेल तर गोष्ट सोडून द्यायची.