पूर्वीचा काळ खरोखरच कमी हिंसक होता का?

प्रश्न : पंचवटीकर

माझे वडील ब्याऐंशी वर्षांचे आहेत. सकाळी वर्तमानपत्र हातात आले की कोठे कोयत्याने हल्ला, कोठे पैशांच्या वादातून खून, अशा बातम्या ते मोठ्याने वाचतात आणि ‘आमच्या वेळी नाशकात असे नव्हते’ असे म्हणून घडी घालून ठेवतात. मला ते पटत नाही, परंतु खोडून काढावे इतके माझ्यापाशी काही नाही. एकीकडे दोन महायुद्धे, हिरोशिमा आणि फाळणी हे सारे विसाव्या शतकातच घडले. दुसरीकडे जुना इतिहास वाचावा तर पानोपानी वेढे, लूट आणि कत्तली. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिले तर आजचे जग अधिक हिंसक ठरते की कमी, आणि हे मोजायचे तरी कसे?

उत्तर : त्रिरश्मी

आकड्यांच्या आधी आपल्याच गावातला एक पुरावा पाहू. पांडवलेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, ओसरीच्या मागच्या भिंतीवर, गौतमी बलश्रीचा लेख आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील या लेखात तिने आपला दिवंगत पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याचे गुणवर्णन केले आहे. अपराध केलेल्या शत्रूचेही प्राण घेणे त्याला रुचत नसे, असे त्यात म्हटले आहे. आणि त्याच लेखात तो शक, यवन व पह्लव यांचा संहार करणारा, तसेच क्षहरात या शत्रू राजघराण्याचा वंश ‘निरवसेस’ करणारा, म्हणजे मागे काही शिल्लक न ठेवणारा, असाही गौरव आहे. एका आईने, भिक्षूंना दान दिलेल्या लेण्यात, हे अभिमानाने कोरवून घेतले. एखादा वंश पुसून टाकणे ही त्या काळी लपवण्याची नव्हे, मिरवण्याची गोष्ट होती. आज असेच काही करणारे राज्यकर्ते ‘कारवाई’ असा शब्द वापरतात. कृत्य तेवढेच क्रूर असले तरी ते लपवावेसे वाटू लागले, हा बदल मला लहान वाटत नाही.

जुने आकडे मात्र जपून वापरावेत. सिंहस्थात वैष्णव आखाडे रामकुंडावर आणि शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर स्नान करतात. ही विभागणी पेशवाईतील एका रक्तरंजित झगड्यानंतरची मानली जाते. पहिल्या स्नानाचा मान कोणाचा या वादात बारा हजार साधू मारले गेल्याचे सांगतात. हा आकडा मला फुगवलेला वाटतो, परंतु दोघांची ठिकाणेच वेगळी करावी लागावीत इतका तो झगडा मोठा होता, एवढे नक्की.

जेथे नोंदी बऱ्या आहेत तेथील चित्र अधिक स्पष्ट आहे. मध्ययुगीन इंग्लंडमधील न्यायालयीन नोंदींवरून अभ्यासकांनी काढलेले खुनांचे प्रमाण वर्षाला लाखामागे वीसच्या आसपास येते. आज तेथे ते एकच्या आसपास आहे. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांनुसार १९९२ मध्ये सुमारे ४० हजार खून नोंदले गेले, तर २०२२ मध्ये २८,५२२. मधल्या तीस वर्षांत लोकसंख्या पन्नास कोटींहून अधिक वाढलेली असताना ही घट झाली आहे. तेव्हा आपल्या वडिलांना वर्तमानपत्रात जे वाढलेले दिसते ते बहुधा खून नसून खुनाच्या बातम्या असाव्यात.

उत्तर : देवळाली कॅम्प

त्रिरश्मी यांनी दिलेली घट खरी आहे, पण तिच्यामागचे एक कारण निसटले आहे. पूर्वी पोटात सुरा बसलेला मनुष्य बैलगाडीतून शहरात पोहोचेपर्यंत मरत असे. आज रक्त, प्रतिजैविके आणि शस्त्रक्रिया वेळेवर मिळाल्याने तो वाचतो आणि त्याचे प्रकरण ‘खुनाचा प्रयत्न’ या सदरात जाते. मारणाऱ्याचा हात तोच, निकाल मात्र वेगळा. खुनांच्या घटीतील काही वाटा तरी डॉक्टरांचा आहे.

माझा मुख्य आक्षेप युद्धांबद्दल आहे. दुसऱ्या महायुद्धात सहा ते आठ कोटी माणसे मेली, म्हणजे तेव्हाच्या सुमारे २३० कोटी लोकसंख्येतील शंभरामागे जवळजवळ तीन. चीनमधील तायपिंग बंडात (१८५० ते १८६४) दोन कोटींहून अधिक बळी गेल्याचे अंदाज आहेत, त्यामुळे संहार ही काही विसाव्या शतकाची मक्तेदारी नाही, हे मान्य. परंतु १९४५ नंतर बड्या सत्तांमध्ये थेट महायुद्ध झाले नाही म्हणून जग निवळले, असे म्हणणे घाईचे आहे. मोठी युद्धे मुळातच क्वचित होतात, आणि ऐंशी वर्षांच्या शांततेवरून त्यांच्याबद्दल निष्कर्ष काढणे म्हणजे चार वर्षे गोदेला पूर आला नाही म्हणून नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीशेजारी घर बांधण्यासारखे आहे. इथिओपिया आणि युक्रेन या दोनच युद्धांमुळे २०२२ हे १९९४ च्या रवांडातील नरसंहारानंतरचे सर्वाधिक बळी घेणारे वर्ष ठरले. शिवाय पूर्वी एक शहर बेचिराख करायला फौज लागत असे आणि महिने जात; हिरोशिमाला एक विमान पुरले.

उत्तर : सातपूरची वाचक

दोघांनीही प्रेते मोजली, म्हणून थोडे लिहिते. घरात बायकोला मारणे हा स्वतंत्र गुन्हा म्हणून कायद्यात १९८३ साली आला, आणि कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा वेगळा कायदा २००५ चा आहे. त्यापूर्वीच्या नोंदींत ही हिंसा जवळजवळ दिसत नाही. जातीचेही तसेच. काळाराम मंदिराच्या दाराशी १९३० साली सत्याग्रह सुरू झाला, रामनवमीला रथाच्या वेळी दगडफेक झाली, म्हणून त्या दिवसाची नोंद राहिली. परंतु त्याआधीच्या शेकडो वर्षांत जे दाराजवळ फिरकलेच नाहीत, त्यांना कोणत्या भयाने दूर ठेवले होते ते कोणत्या तक्त्यात शोधायचे? तक्रारी वाढल्या म्हणजे अत्याचार वाढले, असे सरसकट समजू नये.

पंचवटीकर

तिघांचेही आभार. काल वडिलांना विचारले की त्यांच्या लहानपणी आमच्या वाड्यात कधी मारामारी होत असे का. ‘छे!’ म्हणाले. मग थोड्या वेळाने, आठवल्यासारखे करून, मागच्या खोलीतल्या एका काकूंबद्दल बोलले, ज्यांचा नवरा त्यांना दर पगाराला मारत असे आणि सगळा वाडा ऐकत असे. मी विचारले, मग हे काय होते? ते म्हणाले, ‘ते त्यांचे घरचे होते.’

देवळाली कॅम्प यांच्या पुराच्या मुद्द्याला माझ्यापाशी उत्तर नाही. लेण्यातील लेख मात्र रविवारी जाऊन पाहणार आहे; पायऱ्या वडिलांना झेपतील असे वाटत नाही, म्हणून त्यांच्यासाठी फोटो काढून आणीन.