प्रागच्या चार्ल्स पुलावरच्या दंतकथा : आपले अनुभव सांगा

काल कपाट आवरताना प्रागच्या चार्ल्स पुलावरील बुरुजाचे जुने तिकीट हाती लागले आणि तिथली एक पहाट आठवली. सम्राट चौथ्या चार्ल्सने ९ जुलै १३५७ रोजी पहाटे ५ वाजून ३१ मिनिटांनी पायाभरणी केली असे तिथे सांगतात, कारण वर्ष, दिवस, महिना आणि वेळ ओळीने मांडल्यास १३५७९७५३१ ही दोन्हीकडून सारखीच वाचता येणारी संख्या मिळते. मुहूर्ताची ही कथा ऐकून मी मुद्दाम त्याच वेळी पुलावर जाऊन उभी राहिले. कठड्याचा दगड दवाने गार पडला होता आणि धुक्यात तिसांपैकी जेमतेम चार पुतळे दिसत होते. आपणही तिथे गेला असाल, तर अवश्य लिहा.

*

ताई, मला आठवतो तो नेपोमुकच्या संत जॉनचा पुतळा. राणीने पापनिवेदनात सांगितलेले गुपित राजाला सांगण्यास नकार दिल्यामुळे त्यांना १३९३ मध्ये पुलावरून नदीत फेकले, आणि बुडाले तिथे पाण्यावर पाच तारे चमकले, अशी कथा आहे. चौथऱ्यावरचे कांस्यचित्र लोकांच्या हातांनी घासून सोन्यासारखे झाले आहे, भोवतालचा भाग मात्र काळा राहिला आहे. सासूबाईंनी तिथे हात टेकवून बराच वेळ डोळे मिटले होते. त्यांनी काय मागितले, हे मी आजतागायत विचारलेले नाही.

*

वरील कथेत एक भर घालतो. त्यांना नदीत फेकले हे खरे असले, तरी इतिहासकारांच्या मते त्यामागे एका मठाधिपतीच्या नेमणुकीवरून राजा आणि आर्चबिशप यांच्यात पेटलेला वाद होता.

*

आपले म्हणणे मान्य आहे, पण त्या चौथऱ्यापाशी उभे राहिल्यावर मला राणीचीच कथा जवळची वाटली.

*

पूल बांधताना चुना घट्ट व्हावा म्हणून गावोगावहून अंडी मागवली, तेव्हा वेल्वारी गावाने ती वाटेत फुटू नयेत म्हणून उकडून पाठवली, ही कथा माझी नात अजूनही झोपताना सांगायला लावते.

*

जुन्या शहराच्या बाजूला काठावरच्या भिंतीत बसवलेले दाढीवाल्या पुरुषाचे दगडी शिर कोणी पाहिले का? तो ब्रादाच. १३४२ च्या पुरात वाहून गेलेल्या आधीच्या युदिता पुलाचा तो अवशेष असून पाणी त्याच्या दाढीला टेकले की काठावरचे लोक सावध होत. लहानपणी आमच्या घरात पुराचे पाणी शिरले होते, म्हणून मी पुतळे सोडून त्या शिरासमोरच थांबलो आणि पाणी त्याच्यापासून किती खाली आहे ते दोनदा पाहिले.

*

कांपा बेटाच्या बाजूचा, ब्रुन्त्स्विक या दंतकथेतल्या शूरवीराचा तलवारधारी पुतळा राहिलाच. त्याची जादूची तलवार पुलात चिणलेली आहे आणि देश संकटात सापडला की ती आपोआप बाहेर येईल, असे ऐकून माझा मुलगा परतताना फरसबंदीतला एकेक दगड पायाने चाचपत चालला होता.