रक्तपिशाच्च आणि त्याचे सावज: आपण रचलेल्या व ऐकलेल्या कथांचे अनुभव

एकाकी रक्तपिशाच्च सावजाच्या शोधात येते आणि त्याच सावजात गुंतते, अशी कथा सातारा-सांगलीकडच्या आपल्यापैकी काहींनी लिहिली असेल, रंगमंचावर केली असेल किंवा मुलांना सांगितली असेल. सावज सावज राहत नाही तो क्षण आपण कसा घडवला आणि तो ऐकणाऱ्यांना पटला का, एवढेच येथे लिहावे. नुसते घाबरल्याचे किस्से नकोत.

विश्रामबाग, सांगली
महाविद्यालयात असताना आम्ही एक एकांकिका बसवली होती आणि तिचे स्थळ हरिपूर होते. तेथील जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे, कारण तोंड बंद केल्यावर आत कीड जगण्याइतका प्राणवायूच उरत नाही. म्हणूनच पेव उघडल्यावर कोणी लगेच उतरत नाही. आधी पेटता कंदील दोरीने खाली सोडतात आणि तो विझला तर थांबतात. १८९७ सालच्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीतील सरदार मायदेशाच्या मातीने भरलेल्या पेट्यांत निजतो आणि घरातल्या कोणी बोलावल्याखेरीज त्याला प्रथम आत पाऊल टाकता येत नाही. आमच्या पिशाच्चाला आम्ही मालकाच्या पश्चात विसरले गेलेले, हळदीने अर्धे भरलेले पेव दिले, आणि बोलावण्याचा तो नियम आपोआप उलटा झाला, कारण येथे हमालच त्याच्या घरात न विचारता उतरत होता. कंदील न सोडता घाईने उतरलेला तो हमाल घुसमटून कोसळतो. पिशाच्चाला श्वासाची गरज नसते, भूक मात्र अनेक वर्षांची असते, आणि तरीही ते त्याला खांद्यावर घालून वर आणते. असे का, याचे स्पष्टीकरण देणारे स्वगत दिग्दर्शकाला हवे होते. मी ते लिहिले नाही. शुद्धीवर आल्यावर हमाल फक्त विचारतो, ‘‘खाली आणखी किती पोती निघतील?’’ प्रेक्षक हसले, आणि माझ्या मते ते दोघे त्याच हशात जोडले गेले.

शाहूपुरी, सातारा
मी निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका आहे, त्यामुळे माझी शंका रुक्ष वाटेल. खरी रक्तपायी वटवाघळे फक्त अमेरिका खंडांत आढळतात आणि सलग दोन-तीन रात्री रक्त मिळाले नाही तर ती मरतात. कोस्टा रिकातील वटवाघळांचा जो अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला, त्यात उपाशी राहिलेल्या सोबत्याला दुसरे वटवाघूळ आपल्या पोटातले रक्त ओकून पाजते आणि तो सोबती नेहमी नात्यातलाच असतो असे नाही, हे दिसून आले. मात्र हा जिव्हाळा ढोलीतल्या सोबत्याशी असतो, गायीशी नव्हे. वर्गात हे सांगितल्यावर एका मुलीने विचारले होते, ‘‘बाई, ज्याला ढोलीच नाही त्याने काय करायचे?’’ कथेतले पिशाच्च एकटेच का असावे लागते, हे मला तेव्हा उमगले.

कऱ्हाड
आमच्या आजीचा वेताळ रक्त पीत नसे, म्हणून येथे लिहावे की नाही असा प्रश्न पडला होता. पण विक्रमाच्या खांद्यावरून स्मशानात जाणारा वेताळ राजाला बोलते करून पुन्हा पुन्हा झाडावर परत जातो, आणि शेवटी त्यालाच योग्याच्या कपटाबद्दल सावध करतो. आजी म्हणायची, ‘‘त्याला गोष्ट ऐकणारा मिळाला होता रे, मग तो त्याला मरू कसा देईल?’’

मिरज
मी रक्तपेढीत रात्रपाळी करते. माझ्या कथेतली तंत्रज्ञ मुलगी पिशाच्चाला नियम समजावते की एका वेळी ३५० मिलिलिटरच मिळेल आणि स्त्री रक्तदात्याला पुन्हा रक्त देण्याआधी किमान १२० दिवस जाऊ द्यावे लागतात. ते निमूटपणे मान्य करते आणि मधल्या काळात केवळ गप्पा मारायला येऊ लागते. सहकाऱ्यांना कथा आवडली. त्यांची एकच हरकत होती, की आधी त्याचे हिमोग्लोबिन तपासायला हवे होते.

विश्रामबाग, सांगली
शाहूपुरीच्या बाईंना एक सांगायचे राहिले. परीक्षकांनी आमचा शेवट कमकुवत ठरवला होता, कारण हमाल दुसऱ्या दिवशी त्याच पेवात पुन्हा उतरतो आणि त्यांना त्यात मैत्रीवरचा भाबडा विश्वास दिसला. मी शेवट बदलला नाही. अर्धी हळद अजून खालीच होती आणि हमालाची मजुरी पोत्यांवर ठरलेली होती. या वेळी त्याने कंदील मात्र सोडला, आणि खालून कोणीतरी दोरी दोनदा ओढून हवा ठीक असल्याचे कळवले.