मदत हवी आहे: दोन मुली, दोन टोकं, रोज सकाळी डोकं आउट

सकाळचे_आठ
घाईत लिहिलंय, शुद्धलेखन सोडून द्या. दोन मुली आहेत. मोठी म्हणजे गरीब गाय, तोंडातून शब्द नाही, कोणी समोर आलं की माझ्या पाठीमागे. धाकटी वादळ. रोज निघायच्या वेळी धाकटी रडून ओरडून आडवी पडून घर डोक्यावर घेते, मोठी बूट घालून दाराशी नुसती उभी, परवा तर धाकटी तिला चावली तरी ही गप्प. एकच घर, तेच आईबाप, तीच शिस्त, सगळं दोघींना सारखं, तरी एवढा फरक कसा काय? मला एवढंच हवंय की मोठीला जरा तिखट कसं करायचं आणि धाकटीला जरा थंड कसं करायचं. "मुलं अशीच असतात, मोठी झाली की होतं नीट" हे कृपया लिहू नका, ते घरी रोज ऐकायला मिळतं. लवकर सांगा, उद्या परत सकाळ आहे.

निवांत
वयं?

तिघींची_आई
अगं ताई, माझ्या तीन आहेत, तू दोघींतच दमलीस! दारावर चित्रांचा तक्ता लाव, दात, कपडे, केस, बूट, झालं की त्यांनीच टिकली लावायची. आणि टायमर. आमच्याकडे जादू झाली. धाकटीला कराटेला घाल, सगळी ताकद तिकडे जाते. मोठीलाही घाल, धीट होईल.

सरळसोट
मोठं मूल समंजस आणि शेंडेफळ हट्टी, हे मानसशास्त्रज्ञ ॲडलरने शंभर वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय. जन्मक्रमाचा खेळ आहे, त्यात आपण काही करू शकत नाही.

उगाच_एक
@सरळसोट ते ऐकायला छान वाटतं, पण आकड्यांत सापडत नाही. २०१५ मधे अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या २०,००० हून जास्त लोकांचा डेटा तपासला होता, जन्मक्रमाचा बोलकेपणाशी, मिळतंजुळतं घेण्याशी, शिस्तीशी काही संबंध निघाला नाही. बुद्धीच्या बाबतीत किंचित, तोही नगण्यच म्हणावा असा.

सरळसोट
कागदावरचे अभ्यास तुम्हालाच लखलाभ. आम्ही चार भावंडं, चौघंही ॲडलर म्हणतो तंतोतंत तशीच.

उगाच_एक
म्हणजे सॅम्पल चार. बरं.

सकाळचे_आठ
ताई नाही, बाबा आहे मी. वयाने काय फरक पडतो माहीत नाही पण मोठी सहा, धाकटी साडेतीन. तक्ता लावला होता, धाकटीने फाडला.

तिघींची_आई
अय्या, सॉरी हो दादा 😀 मग तक्ता जरा उंच लावा. आणि कराटेचं बघाच.

पडदा_बंद
मोबाईल काढून घ्या. महिन्यात फरक पडतो. आमच्या पुतण्याचं बघितलंय.

सकाळचे_आठ
मोबाईल देतच नाही आम्ही.

पडदा_बंद
मग टीव्ही.

सकाळचे_आठ
टीव्ही नाहीये घरात.

पडदा_बंद
मग तुम्ही बघत असाल त्यांच्यासमोर. मुलं सगळं टिपतात.

निवांत
साडेतीनला राग येतो पण आवरायचा कसा ते अजून जमत नाही, सहाच्या मुलीशी तुलना करून कसं चालेल. चावली की आधी चावा बसलेल्या मुलीकडे जायचं, मग धाकटीला एकच वाक्य, "चावायचं नाही, दुखतं", भाषण नको, मोठं भाषण दिलं की तोच कार्यक्रम होऊन बसतो. आता मला सांगा, सकाळी धाकटी नक्की कशावरून सुरू होते? रोज तेच कारण की वेगवेगळं? आणि झोपते किती? तीन ते पाच वयाला दुपारची धरून १० ते १३ तास झोप लागते, सहाच्या पुढे ९ ते १२.

सकाळचे_आठ
झोप पुरते. कारण काय, मोजे! शिवण टोचते म्हणते, काढते, घालते, परत काढते. केस विंचरताना तेच, शर्टाच्या मानेवरचं लेबल कापल्याशिवाय अंगात घालत नाही. निव्वळ नाटकं. ते मोज्यांचं सोडा हो, मोठीचं सांगा कोणीतरी.

मी_मधली
मोज्यांचं अजिबात सोडू नका दादा, तिकडेच उत्तर आहे. मोजे उलटे घाला, शिवण बाहेर. किंवा बिनशिवणीचे मिळाले तर ते. ही नाटकं नाहीत, काही मुलांना स्पर्श, आवाज, उजेड आपल्यापेक्षा खूप जास्त जाणवतो, तुमच्या बुटात खडा असताना कोणी "चल चल उशीर होतोय" म्हणालं तर तुम्हीही ओरडाल. थॉमस आणि चेस म्हणून नवराबायको डॉक्टर होते, त्यांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमधे १३३ मुलं तान्ही असल्यापासून मोठी होईपर्यंत बघितली आणि स्वभावाचे नऊ पैलू काढले, किती लवकर टोचतं-बोचतं हा त्यातलाच एक. साधारण ४० टक्के मुलं सोपी, १० टक्के अवघड, १५ टक्के नव्या माणसात हळूहळू खुलणारी, बाकीची मिसळ. पण त्यांचं मुख्य म्हणणं पुढे आहे, मुळात स्वभाव वाईट नसतोच, स्वभाव आणि आजूबाजूच्यांची अपेक्षा यांचा मेळ बसला नाही की त्रास सुरू होतो. तुम्ही अभिमानाने लिहिलंय ना सगळं दोघींना सारखं, तिथेच गोची आहे. एकीला वेळ जास्त लागतो, दुसरीला मोजे वेगळे लागतात.

उगाच_एक
बरोबर आहे, फक्त ती मुलं बहुतेक शिकलेल्या मध्यमवर्गीय घरांतली होती, त्यामुळे टक्केवारी जशीच्या तशी सगळीकडे लावू नका.

सरळसोट
म्हणजे जन्मजातच ना? मी काय वेगळं सांगत होतो?

उगाच_एक
तुम्ही क्रमाबद्दल सांगत होतात. स्वभाव घेऊन जन्माला येणं वेगळं, आधी का नंतर जन्माला येणं वेगळं. आईबापांकडून येणारी जनुकंसुद्धा सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मीच जुळतात, त्यामुळे दोन टोकं निघाली यात नवल काय.

पाटीपेन्सिल
मी लहान मुलांना शिकवते म्हणून विचारते, मोठी शाळेत कशी आहे?

सकाळचे_आठ
शाळेत उत्तम. कधी तक्रार नाही, कोणाला त्रास नाही.

पाटीपेन्सिल
त्रास देत नाही हे कळलं. बोलते का? बाईंशी? मैत्रिणींशी? आणि घरी तुमच्याशी?

सकाळचे_आठ
घरी तर थांबतच नाही, रात्री बहिणीला आवाज काढून काढून गोष्टी सांगते. शाळेत नाही बोलत. हजेरीला हात वर करते. मागच्या वर्षापासून असंच आहे, बाई म्हणाल्या लाजाळू आहे. पण मला शाळेचं नव्हतं विचारायचं, सकाळचं विचारायचं होतं.

निवांत
अहो पण पहिल्याच ओळीत तुम्ही लिहिलंत तोंडातून शब्द नाही!

सकाळचे_आठ
ते बाहेरच्यांसमोर.

पाटीपेन्सिल
हेच तर पहिल्यांदा लिहायला हवं होतं. मी डॉक्टर नाही आणि इथे बसून कोणी निदानही करू नये. पण घरी भरपूर बोलणारं मूल शाळेत महिन्याहून जास्त काळ अजिबात बोलत नसेल, शाळेचा पहिला महिना सोडून, तर त्याला निव्वळ लाजाळूपणा म्हणून सोडून देत नाहीत. सिलेक्टिव्ह म्युटिझम नावाचा प्रकार असतो, बहुतेक वेळा पाचच्या आतच सुरू होतो आणि शाळा सुरू झाली की दिसतो. हट्ट नसतो तो, भीती असते, घशातून आवाजच निघत नाही. बालरोगतज्ज्ञांना सांगा, कान तपासून घ्या, मग ते लहान मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील. लवकर गेलं की लवकर सुटतं.

सरळसोट
आता प्रत्येक गोष्टीला आजार! एकदा स्टेजवर उभं करा, भीती मोडते. आमच्या वेळी असंच करायचे.

मी_मधली
मी ती मुलगी होते. मला उभं केलं होतं, सगळ्या वर्गासमोर, नाव सांग म्हणून. काही मोडलंबिडलं नाही, उलट त्यानंतर मी शाळेत शू लागली तरी सांगायची बंद झाले. दादा, तुमची मोठी शाळेत बाथरूमला जाते का?

सकाळचे_आठ
शाळेतून आली की बूट न काढता पळत जाते. आम्ही हसायचो त्यावर.

मी_मधली
बघा मग. बाईंशी बोलून एक खूण ठरवा, कार्ड दाखवलं की जायचं, तोंडाने विचारायची गरज नाही. हे उद्याच करा, डॉक्टरची वेळ मिळेपर्यंत थांबू नका.

तिघींची_आई
कराटेने आमच्या मधलीचा आवाज असा खणखणीत झाला ना, हां हू करून ओरडायला लागतं तिथे.

निवांत
जिला आवाजच फुटत नाही तिला ओरडायच्या क्लासला पाठवताय?

तिघींची_आई
मग डान्स. डान्समधे बोलावं लागत नाही.

सकाळचे_आठ
कराटे-डान्स दुसऱ्या धाग्यावर घ्या प्लीज. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. बाथरूमच्या कार्डाला बाई लगेच हो म्हणाल्या. उलट्या मोज्यांनी आज आडवं पडणं झालं नाही, फक्त धाकट्या बाईसाहेब आता मोठीचेही मोजे उलटे करा म्हणून अडून बसल्या होत्या. @पाटीपेन्सिल, तोवर शाळेत आम्ही काय करायचं?

पाटीपेन्सिल
वर्ग रिकामा असताना तुम्ही आणि मोठी दोघंच जा, तिच्या आवडीचा खेळ घेऊन. ती तुमच्याशी मोकळी बोलायला लागली की मगच बाईंनी दारात यायचं, तिच्याकडे न बघता, काहीतरी आवरत बसायचं. पुढच्या वेळी जरा जवळ. मग खेळात. तिच्या आवाजाला बाईंची सवय नाही, बाईंसमोर स्वतःचा आवाज ऐकायची सवय तिला लागायला हवी. "बोल ना, बोल ना" नको, चॉकलेटची लालूच नको, आणि बोललीच तर टाळ्याही नकोत. प्रश्न विचारायचा तर मान हलवून भागेल असा नको, "लाल देऊ की निळा" असा, आणि विचारून निदान पाच सेकंद गप्प बसायचं, ते पाच सेकंद आपल्यालाच जड जातात. डॉक्टर यात आणखी सांगतीलच.

सकाळचे_आठ
धाकटीला नेलं तर चालेल? ती बरोबर असली की मोठी बाहेरही थोडी कुजबुजते, हे आत्ता बायको म्हणाली.

पाटीपेन्सिल
न्या की, उत्तम. फक्त एक लक्ष ठेवा. मोठीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर धाकटी ठोकून देत असणार, ते तिथल्या तिथे थांबवायचं. "ताईला विचारलंय" म्हणायचं आणि वाट बघायची.

सकाळचे_आठ
ठोकून देते म्हणजे काय, दुकानात, लिफ्टमधे, सगळीकडे तीच ताईचं नाव सांगते. तिला गप्प बसवणं मोठीला बोलतं करण्यापेक्षा अवघड आहे.

तिघींची_आई
म्हणून म्हणत होते दादा, धाकटीला तरी कराटेला घाला.